कॉलम अकरावरची फुली

६ जानेवारी

प्रति,
माजी क्वालिटी इंजिनियर, शाळा इमारत प्रकल्प

विषय : साईटवर राहिलेल्या वस्तू घेऊन जाण्याबाबत
संदर्भ : आपण न उचललेले सतरा फोन

महोदय,

इथवर लिहून झालं तेव्हा तुझी ताई मागे उभी राहून वाचत होती हे कळलं. म्हणाली, "सख्ख्या मेहुण्याला महोदय? मग खाली सही-शिक्कासुद्धा मारा." कागद वाया घालवणं मला आवडत नाही, म्हणून तोच कागद ठेवून इथून पुढे सरळ लिहितो.

प्रिय फुलीसाहेब,

(साईटवर अजून तुला सगळे हेच म्हणतात. दोष माझा नाही. दिसेल त्या कामावर तांबड्या खडूने फुली मारत हिंडणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?)

तू साईट सोडून गेलास त्याला पाच महिने झाले. तुझ्या त्या धरणाच्या कामावर फोनला रेंज नसते असं ऐकतो. रविवारी सकाळी ताईशी पाऊण तास बोलण्यापुरती मात्र ती बरोबर येते. असो. पत्र लिहायची कल्पना तिचीच. तिचं म्हणणं, "फोनवर तुम्ही नुसते बोलत सुटता. लिहा. लिहिताना माणूस निदान स्वतःचं तरी ऐकतो."

तर वस्तू. एक हेल्मेट, एक मोजायची टेप आणि एक जेवणाचा डबा. डबा तू धुऊन ठेवला नव्हतास. आता तो उघडायचा धीर कोणालाच होत नाही, म्हणून तसाच ऑफिसच्या खिडकीबाहेर ठेवला आहे.

इकडे सगळं उत्तम आहे. तू गेल्यापासून एकाही कामावर फुली नाही. तुझ्या जागी आलेले गृहस्थ वयाने पोक्त आहेत. मी काहीही बोललो तरी "बरोबर आहे साहेब" म्हणतात, म्हणून मजुरांनी त्यांचं नाव बरोबरसाहेब ठेवलंय. क्यूबचे निकाल शंभर टक्के. (हा खुलासा ताईसाठी, कारण पाकिटात जाण्याआधी हे पत्र तिच्या नजरेखालून जाणार आहे: कॉलममध्ये ज्या दिवशी जे काँक्रीट ओततो, त्यातलंच थोडं लोखंडी साच्यात भरून वीतभर ठोकळे करतात. ते क्यूब. ते पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि अठ्ठावीस दिवसांनी मशीनखाली दाबून फोडायचे. ठोकळा दणकट निघाला की कॉलमही दणकट.) हेड ऑफिसने या महिन्यात आपल्या साईटला 'सुवर्ण वीट' हा मान दिला. वीट थर्मोकोलची आहे, पण रंग अस्सल सोनेरी आहे.

आता एक किरकोळ गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलम अकरावर जी फुली मारून तू रामायण घडवलंस, ती फुली पुढे दिसेनाशी झाली आणि ती मीच पुसली असा तुझा समज झाला. ऑगस्टचा महिना होता. हवेत दमटपणा असतो. खडू तो खडूच. याहून जास्त मला त्याबद्दल काही माहीत नाही.

हे पत्र तुला परत बोलावण्यासाठी नाही. तुझ्यावाचून इथे काही अडलेलं नाही. वस्तू घेऊन जा किंवा पत्ता कळव, पाठवून देतो.

तुझा भावजी
(प्रकल्प व्यवस्थापक)


१९ जानेवारी

प्रिय फुलीसाहेब,

वस्तूंबद्दल तुझं उत्तर नाही. हरकत नाही, डबा तसाही कुठे पळून जात नाही. आज एका वेगळ्याच कामासाठी लिहितोय.

माझा एक मित्र आहे. तू त्याला ओळखत नाहीस. तोही एका इमारतीवर प्रकल्प व्यवस्थापक आहे. स्वभावाने कडक, पण मनाने चांगला आणि दिसायलाही बरा. परवा सतरा तारखेला त्याच्या साईटवर नळाला पाणी नव्हतं, म्हणून तो हात धुवायला क्यूबच्या टाकीवर गेला. (तिथे हात धुऊ नयेत हे त्याला ठाऊक आहे.) पाण्यात वाकून बघतो तर काय, ठोकळ्यांवर तारखा रंगवलेल्या: चोवीस जानेवारी, एकतीस जानेवारी, आणि एकावर सात फेब्रुवारी. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं काँक्रीट चोवीस तारखेला ओतायचं आहे. ते अजून मिक्सरमध्येसुद्धा गेलेलं नाही आणि त्याचे क्यूब आठवडाभर आधीच पाण्यात! लग्न ठरण्याआधीच नातवंडं अंगणात खेळायला लागावीत, तशातला प्रकार.

मित्राने आपल्या क्वालिटीच्या माणसाला बोलावून विचारलं, "हे बरोबर आहे का?"

"बरोबर आहे साहेब."

मग मित्राने गेल्या पाच महिन्यांचे सगळे निकाल काढून टेबलावर पसरले. पहिल्या ठोकळ्याची ताकद एकतीस पॉइंट चार. दुसरा एकतीस पॉइंट चार. एकशे बाराव्यापर्यंत सगळे एकतीस पॉइंट चार. त्याने मला विचारलं, याचा अर्थ काय होतो? मी म्हटलं, काम अगदी एकसारखं झालंय. तो म्हणाला, तेवढंच ना? मी म्हटलं, तेवढंच. मग आम्ही दोघांनी सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून मोजले. पंखा फुल्ल चालू होता, तरी मला घाम सुटला होता. मला म्हणजे त्याला, असं वाचावं.

तू या विषयातला जाणकार, म्हणून सहज विचारतो. सवड झाली तर दोन ओळी टाक, मी मित्राला कळवीन. घाई नाही. शक्यतो उलट टपाली.

तुझा भावजी


२ फेब्रुवारी

प्रिय फुलीसाहेब,

तुझं उत्तर मिळालं. पाकीट उलटं करून झटकलं, आत फुंकर मारून बघितली, पण दुसरं काही निघालं नाही. माझंच पत्र मला परत, आणि 'माझा एक मित्र आहे' या ओळीवर भली मोठी तांबडी फुली. एवढ्या लांबून एक फुली पाठवायला काय जिगर लागते!

तुझी ताई ती फुली बघून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पाच महिन्यांत या घरात ती अशी हसली नव्हती. मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

तर, मित्र नाही. मीच. 'दिसायला बरा' एवढं मात्र राहू दे.

तुझी फुली आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला ऑफिसात बोलावलं आणि तारखा रंगवलेला एक ठोकळा टेबलावर आदळला. "हे कोणी केले?"

"आम्हीच की साहेब. जमलेत ना?" त्याचा चेहरा खुलला. "आपला तो म्हातारा गवंडी आहे ना, त्याच्या हातचे आहेत. सिमेंट चांगलं दीडपट घातलंय, खडी निवडून, धुऊन घेतली. एका निवांत दुपारी बसलो आणि महिन्याभराचे करून टाकले. रोजची धावपळ कशाला?"

"अरे, क्यूब त्याच दिवशीच्या मालाचे करायचे असतात!"

"आणि नापास झाले तर?"

"तेच तर कळायला हवं ना आपल्याला!"

मुकादम डोकं खाजवत उभा राहिला. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, ते तुम्हाला कळायला नको होतं, असं वाटलं आम्हाला."

"असं मी कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीत. ज्या दिवशी फुली पुसलीत, त्या दिवशी कळलं आम्हाला."

त्याने हे टोमणा म्हणून सांगितलं नाही. पगाराची तारीख सांगावी इतक्या सहज सांगितलं. मी त्याला जायला सांगितलं आणि दार लावून बसलो. ठोकळा तेवढा समोर होता. खरं सांगतो, इतका सुबक ठोकळा मी नोकरीत बघितला नव्हता. त्या म्हाताऱ्या गवंड्याने मनापासून काम केलं होतं, फक्त चुकीच्या वस्तूवर.

आता दमट हवेची गोष्टही सोडतो. फुली मी पुसली. तू कॉलम अकराच्या पायथ्याशी हातोडी ठोकून म्हणालास, आवाज पोकळ येतोय, याच्यावर पुढचं काम नको. चार वाजता शाळेची मंडळी पाहायला यायची होती. मी खाली वाकलोसुद्धा नाही. ओला रुमाल काढला, फुली पुसली आणि तीस माणसांसमोर म्हणालो, "फुली मारायला अक्कल लागत नाही, इमारत उभी करायला लागते." सगळे हसले. मला वाटलं, माझ्या विनोदाला हसले. प्रत्यक्षात त्यांनी तो हुकूम म्हणून घेतला होता.

तू गेलास आणि त्यानंतर तिसरा मजला चढला, अख्खा. मी रोज सकाळी एकच सांगत होतो, दिवसाला दोन कॉलम जास्त झाले पाहिजेत. परवा मुकादमाला विचारलं, एवढ्या भराभर कसे झाले रे? म्हणाला, "पाणी जास्त सोडलं की माल सरसर उतरतो साहेब." पाणी जास्त म्हणजे काँक्रीट कच्चं, हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे. त्या मजल्यावर सहा वर्ग आणि वाचनालय होणार आहे. वीस एप्रिलला उद्घाटन आहे आणि दुसऱ्याच दिवशी तिथे दोनशे चाळीस मुलं बसणार आहेत.

मला वाटायचं, क्वालिटी हे तुझं खातं आणि तारीख हे माझं. तू फुल्या मारायच्या, मी तारखा पाळायच्या, दोघांचं बरं चाललंय. पण माणसं तुझ्या फुलीकडे बघत नव्हती रे. फुली मारल्यावर माझं तोंड कसं होतं, तिकडे बघत होती. मला लाज वाटते. हे वाक्य मी तीनदा खोडलं होतं, ताईने तीनदा पुन्हा लिहायला लावलं.

काय करू ते सांग. या वेळी फुली चालणार नाही, शब्द हवेत.

भावजी


२१ फेब्रुवारी

प्रिय फुलीसाहेब,

तुझे तीन शब्द मिळाले: 'कोअर काढून तपासा.' ना भावजी, ना सही. तरी फुलीपेक्षा प्रगती आहे.

(ताईसाठी: कोअर म्हणजे उभ्या कॉलमला मशीनने गोल भोक पाडून आतल्या काँक्रीटचा दंडगोल बाहेर काढायचा आणि तो फोडून बघायचा. ठोकळा खोटं बोलू शकतो, हा बोलत नाही.)

हेड ऑफिसमधल्या वरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेताय? झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू द्या. रंग मारा आणि मोकळे व्हा." मी म्हटलं, "साहेब, मशीन साईटवर येऊन उभं आहे, आता परत कसं पाठवू?" मशीन आलं नव्हतं. फोन ठेवला आणि मग मागवलं.

आज निकाल आले. आणि नीट बसून वाच, उभा असशील तर बस.

कॉलम अकरा पास!

प्रयोगशाळेतल्या माणसाला मी तो आकडा दोनदा वाचायला लावला. पास, तोही झोकात. पायथ्याशी वरवर थोडं खडबडीत झालं होतं, आत ठणठणीत. ज्या कॉलमसाठी तू नोकरी सोडलीस, पाच महिने अबोला धरलास, बहिणीला माझ्याविरुद्ध फितवलंस, तो कॉलम आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त जगणार आहे. म्हणजे त्या दिवशी मी बरोबर होतो. मी! हे मी जिन्यातूनच ओरडून ताईला सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही सांगितलं. कॉलम अकरा म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही, पण त्यांनी मनापासून अभिनंदन केलं. हातोडी वाजवून आवाज पोकळ येतो म्हणणाऱ्याने कधी तरी स्वतःचे कानही तपासून घ्यावेत, एवढंच नम्रपणे सुचवतो.

निकालाची प्रत सोबत जोडली आहे. बाकीचे निकाल अजून सविस्तर पाहायचे आहेत.

तुझा (बरोबर असलेला) भावजी

*

पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं. निकालाचं दुसरं पान त्यांच्या शर्टाच्या खिशात सापडलं, ते यात घालतेय. तिसऱ्या मजल्याचे वीस कॉलम तपासले, त्यातले सात नापास आहेत. नाचत जिना चढले हे खरं आहे. पण मी "आणि बाकीचे?" म्हणून विचारलं तेव्हा खाली बसले आणि बसूनच राहिले. जेवले नाहीत. शाळेला सांगायचं की नाही हे अजून ठरत नाहीये त्यांचं. त्यांनी स्वतः ठरवावं असं मला वाटतं.
ताई


९ मार्च

प्रिय फुलीसाहेब,

ताईने ते पान तुला पाठवलं हे तिने मला आठ दिवसांनी सांगितलं. आधी रागावलो, मग बरं वाटलं. ते खिशात ठेवून मला झोप लागत नव्हती आणि शर्टही धुवायला टाकता येत नव्हता.

कॉलम अकराबद्दल मी जो गाजावाजा केला तो मागे घेतो. तो पास झाला यात माझा पराक्रम कुठला? मी वाकून बघितलं असतं आणि मग म्हटलं असतं की चांगला आहे, तर ती माझी हुशारी. मी न बघताच पुसली. ती नुसती लॉटरी लागली. वरचे सात मात्र माझ्या कर्तृत्वाने नापास झाले.

गेल्या सोमवारी शाळेत जाऊन आलो. संस्थेचे अध्यक्ष होते आणि मोठ्या बाई होत्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, पुढच्या वर्षी निवृत्त होतात, आवाज चढवत नाहीत, गरजच पडत नाही. मी घरून 'काही तांत्रिक कारणास्तव' अशी सुरुवात पाठ करून गेलो होतो. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि ती सुरुवात माझ्या घशातच विरघळली. मी म्हटलं, "तिसरा मजला नापास आहे. चूक माझी आहे."

अध्यक्ष ताडकन उठले. निमंत्रणं छापून झाली, पाहुणे ठरले, आता काय तोंड दाखवू, एवढे दिवस झोपला होतात का, असं बरंच बोलले आणि सगळं खरं बोलले. मी एकतीस पॉइंट चारची गोष्ट सांगितली. एकशे बारा ठोकळे, सगळ्यांचा आकडा एकच.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसात क्यूबच्या निकालांचा तक्ता लावलाय ना, त्यावर बघितलं होतं मी. डिसेंबरात."

"मग?"

"पस्तीस वर्षं पेपर तपासतेय. अख्ख्या वर्गाला चाळीसपैकी अडतीस पडले की मी आधी बघते, फळ्यावर उत्तरं कोणी लिहून दिली."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत बाई?"

"मला वाटलं, बांधकामात असंच असत असेल. तुम्हाला काय वाटलं होतं?"

दुरुस्तीला तीन महिने लागतील असं मी म्हटलं. खालून टेकू देऊन ते सात कॉलम चारी बाजूंनी नव्या सळया आणि नव्या काँक्रीटने जाड करायचे आहेत. बाई म्हणाल्या, "म्हणजे मुलं आणखी तीन महिने जुन्या पत्र्याखाली बसणार. ठीक आहे. पण कारण मी त्यांना सांगणार नाही. तुम्ही येऊन सांगा."

गेलो. दोनशे चाळीस मुलं रांगेत आणि मी समोर, हेल्मेट हातात. क्यूब म्हणजे काय, आम्ही काय केलं, सगळं सांगितलं. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "म्हणजे तुम्ही कॉपी केली?"

"हो."

"मग तुम्हाला परत बसवणार?"

"हो. तोच पेपर आहे."

ती म्हणाली, "मग सोपा जाईल," आणि खाली बसली.

काम सुरू झालंय. पहिल्याच दिवशी मुकादम धावत आला. "साहेब, मिक्सरच्या या घाण्यात पाणी जास्त झालंय. ओतू का टाकून देऊ?" म्हटलं, टाकून दे. तो जागचा हलला नाही. मी थट्टा करतोय की काय हे बघत राहिला. मग मीच फावडं घेतलं आणि माल बाहेर ओढायला लागलो. कमरेत उसण भरली, ती अजून आहे. पण दुपारपर्यंत ती गोष्ट साईटभर झाली आणि संध्याकाळी दुसऱ्या एका गवंड्याने आपणहून येऊन सांगितलं की त्याच्या कॉलमात सळयांभोवतीच्या तीन रिंगा कमी बसल्यात. अशी तक्रार स्वतःच्याच कामाबद्दल कोणी घेऊन येतं, हे मी प्रथमच बघितलं. बरोबरसाहेबांना मी विचारलं, "हे सगळं आपण आधीच करायला हवं होतं, नाही का?" ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "बरोबर आहे साहेब." या वेळी खरोखरच होतं. त्यांनी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या साईटवर बदली मागून घेतली आहे. इथे फार विचार करावा लागतो म्हणाले.

हेड ऑफिसने सुवर्ण वीट परत मागवली. वरचे साहेब रागाने लाल झालेत. नोकरी राहिली ती केवळ शाळेने पत्र लिहून दिलं म्हणून, आणि ते पत्र कोणी लिहिलं असेल ते तू ओळखशीलच.

आता मुद्द्याचं. मी हेड ऑफिसकडे लेखी मागणी केली आहे. या साईटवरचा क्वालिटी इंजिनियर माझ्या हाताखाली नको. त्याची रजा, बदली, बढती यातलं काही माझ्या हातात नको. त्याने काम थांबवलं तर ते सुरू करायचा अधिकार मला नको. साहेबांनी विचारलं, "तुमचा तुमच्यावर विश्वास नाही का?"

मी म्हटलं, "नाही."

आज मी शहाण्यासारखा वागतोय, कारण आज तारीख हुकलेलीच आहे. पुढची तारीख जवळ आली की मी पुन्हा तसाच वागेन, अशी मला भीती वाटते. म्हणून त्या जागेसाठी मी तुझं नाव दिलं आहे. ते मान्य झालंय, आता फक्त तू हो म्हणायचं बाकी आहे. मला तुझी आठवण येते, घरातही आणि साईटवरही. पण त्यासाठी येऊ नकोस. नापास करायला ये.

भावजी

ता. क. : तुझ्या ताईने हे पत्र वाचलं आणि एकही वाक्य पुन्हा लिहायला न लावता पाकिटात घातलं. याचा अर्थ काय घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही.


१७ मार्च

भावजी,

तुमची पत्रं तपासली. पहिलं आणि दुसरं नापास. तिसरं पास. चौथं ताईच्या पानासकट पास. पाचवं मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना इथला आचारी विचारायला लागला, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून.

कॉलम अकरा पास झाला हे कळल्यापासून माझं कामात लक्ष लागेना. आता मी जे सांगतोय ते ताईलाही सांगितलेलं नाही. फुली मारली तो सोमवार होता. आदल्या रविवारी तुमच्या घरी जेवताना चार पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात, "याला कुठे काय जमत होतं? मीच चिकटवला साईटवर." तुम्ही विसरला असाल. मी सोमवारी जिना चढलो तो तुमची चूक शोधायलाच. अकरावर हातोडी दोनदा मारली. एकदा आवाज पोकळ वाटला, एकदा नाही. तिसऱ्यांदा मारायला हवी होती. नाही मारली, फुली मारली. निम्मी त्या कॉलमवर होती, निम्मी तुमच्यावर.

त्यानंतर सहा-सात महिने मी इथे सगळ्यांना सांगत फिरलो की मी तत्त्वासाठी नोकरी सोडली.

तुम्ही रुमाल काढला त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, उगाच खोटं कशाला लिहू? पण मला सारखं वाटतं, तुम्ही त्या दिवशी वाकून नुसतं एवढंच म्हणाला असतात, "पुन्हा ठोकून दाखव," तर मी तीस माणसांसमोर उघडा पडलो असतो, अकरा सुटला असता, आणि इथे ठोकून बघतात हे त्या तीस जणांना कळलं असतं. मग वरचे सात कोणी कच्चे ओतलेच नसते. बाकी सगळं आमच्यावर सोडून तुम्ही तेवढं एक काम करायचं होतं.

मी येतो. तुमच्या अटी मान्य आहेत, त्यात माझी एक लिहून घ्या. मी फुली मारली की तुम्ही ती पुसायची नाही, आणि मुकाट मानही डोलवायची नाही. तिथवर जिना चढून यायचं, वाकायचं, आणि मला पुन्हा ठोकायला लावायचं. दर वेळी, कंबर दुखत असली तरी. तुम्हाला तुमची खात्री नाही म्हणता ना? मला माझीही नाही.

मंगळवारी सकाळी पोहोचतो. तोवर एकही कॉलम भरू नका.